वाचकांचे प्रश्न : पडद्यावर स्वच्छ, कागदावर पुसट

प्रबंध सादर करण्याची मुदत आणि सहकारी संस्थांच्या वार्षिक सभांची 30 सप्टेंबरची मर्यादा जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी संगणक मंद का झाला, असे विचारणारे वाचक अचानक आलेखांविषयी विचारू लागतात. या वेळी नाशिक शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांची तक्रार एकच आहे : संगणकावर सुबक दिसणारा आलेख वर्डच्या फाईलमध्ये टाकून छापला की त्याची रया जाते. म्हणून या अंकातील जागा याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : मी कांद्याच्या बाजारभावांवर पीएच.डी.चा प्रबंध लिहीत आहे. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत येथील आवक व भाव यांचे चाळीसेक आलेख मी एक्सेलमध्ये काढले आणि त्यांचे स्क्रीनशॉट घेऊन वर्डमध्ये लावले. पडद्यावर सर्व ठीक दिसते, परंतु झेरॉक्सच्या दुकानात लेझर प्रत काढल्यावर अक्षांवरचे आकडे पुसट आणि रेषा दातेरी आल्या. मार्गदर्शकांनी प्रत परत केली. दुकानदार फाईलला दोष देतो, मित्र प्रिंटरला. खरे कोणाचे मानावे?
— एक संशोधक विद्यार्थी, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : दुकानदाराचे. एक्सेलमधला आलेख हा मुळात चित्र नसतो. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत एवढ्या जाडीची रेषा ओढावी, अमुक जागी अमुक आकाराचा आकडा लिहावा, अशा सूचनांचा तो संच असतो आणि म्हणूनच तो कितीही मोठा केला तरी रेषेची कड धारदार राहते. स्क्रीनशॉट घेतला की या सूचना गळून पडतात आणि पडद्यावर त्या क्षणी जेवढे ठिपके उजळलेले होते तेवढेच आपल्या हाती उरतात. या ठिपक्यांनाच पिक्सेल म्हणतात.

आता आपल्याच पानाचा हिशेब मांडून पाहू. ए-4 कागदाची रुंदी 21 सेंटिमीटर असते. बांधणीसाठी डावीकडे दीड इंच आणि उजवीकडे एक इंच समास सोडला तर मजकुराला सुमारे साडेचौदा सेंटिमीटर, म्हणजे 5.7 इंच रुंदी मिळते. एक्सेलच्या खिडकीत आपला आलेख समजा 560 पिक्सेल रुंद होता. तो 5.7 इंचांवर पसरला की इंचाला जेमतेम 98 पिक्सेल येतात. दुकानातला लेझर प्रिंटर इंचाला 600 ठिपके उमटवतो, त्यामुळे आपला एकेक पिक्सेल त्याला आडवे सहा आणि उभे सहा ठिपके भरून दाखवावा लागतो. रेषा दातेरी दिसतात त्या याच चौकटींमुळे. साध्या पडद्याची घनताही इंचाला शंभर पिक्सेलच्या आसपास असल्याने पडद्यावर मात्र काहीच खटकत नाही, आणि फसगत होते ती इथेच. आलेख पडदाभर मोठा करून स्क्रीनशॉट घेतला तर थोडा फरक पडतो. 1366 पिक्सेल रुंदीच्या लॅपटॉपवर तो इंचाला 240 पर्यंत पोचतो, परंतु बारीक आकड्यांना तेवढे पुरत नाही.

उपाय असा की आलेख शक्य तितका वेळ रेषांच्याच रूपात राहू द्यावा. एक्सेलमध्ये आलेख निवडून कॉपी करावा, वर्डमध्ये 'होम' पट्टीवरील 'पेस्ट'च्या खालचा बाण दाबून 'पेस्ट स्पेशल' उघडावे आणि यादीतून 'पिक्चर एन्हान्स्ड मेटाफाईल' हा पर्याय निवडावा. हा विंडोजचा ईएमएफ प्रकार असून त्यात रेषा रेषा म्हणूनच साठवल्या जातात. आपल्याकडे वर्ड 2019 किंवा त्यानंतरची आवृत्ती, अथवा मायक्रोसॉफ्ट 365 असेल तर एसव्हीजी हा रेषा जपणाराच दुसरा प्रकार अधिक चांगला. नव्या एक्सेलमध्ये आलेखावर उजवी कळ दाबून 'सेव्ह ॲज पिक्चर' घेतले की प्रकारांच्या यादीत एसव्हीजी दिसतो, आणि ती फाईल वर्डमध्ये 'इन्सर्ट', 'पिक्चर्स' या वाटेने आणता येते. गूगल शीट्समध्ये आलेख काढणाऱ्यांनाही आलेखाच्या तीन टिंबांच्या यादीतून तो एसव्हीजी म्हणून उतरवून घेता येतो. गूगल डॉक्स मात्र एसव्हीजी स्वीकारत नाही, त्यामुळे अंतिम मांडणी वर्डमध्ये किंवा लिब्रेऑफिसमध्ये करावी. जुन्या मार्गदर्शिकांमध्ये ईपीएस प्रकाराची शिफारस आढळते, पण तिच्या मागे लागू नये. मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणावरून 2017 मध्ये ऑफिसमधील ईपीएस चित्रे टाकण्याची सोय बंद केली.

रेषारूप चित्र घेणे शक्य नसेल तर पीएनजी हा पिक्सेलचा प्रकार वापरावा, पण त्याआधी आलेख कागदावर किती सेंटिमीटर रुंद असणार हे ठरवावे. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक घोटाळे हा निर्णय शेवटी घेतल्याने होतात. साडेचौदा सेंटिमीटर रुंदीला इंचाला 300 पिक्सेल हवे असतील तर चित्र सुमारे 1,700 पिक्सेल रुंद लागते आणि 600 हवे असतील तर 3,400. छायाचित्राला 300 पुरतात. आलेखात बारीक रेषा आणि अक्षरे असतात, म्हणून त्याला 600 दिलेले बरे. आपले सहकारी पायथन या संगणकभाषेतील मॅटप्लॉटलिब या साधनाने आलेख काढत असतील तर त्यांना सांगावे की त्या साधनात काहीच न सांगता चित्र जतन केले तर ते केवळ 640 गुणिले 480 पिक्सेलचे होते. आकृतीची रुंदी 5.7 इंच आणि जतन करताना डीपीआय, म्हणजे इंचाला ठिपके, 600, असे दोन्ही आकडे स्वतः द्यावेत. आर भाषेतील 'पीएनजी' ही आज्ञा याहूनही कंजूष असून ती न विचारता 480 गुणिले 480 चे चित्र देते.

पिक्सेल पुरेसे असूनही आलेख वाचता येत नाही, असे एक प्रकरण असते आणि ते अक्षरांच्या आकाराचे आहे. आपण 29 सेंटिमीटर रुंद आलेख काढून त्यातील आकडे 10 पॉइंटचे ठेवले आणि वर्डमध्ये तो कोपरा ओढून साडेचौदा सेंटिमीटरचा केला, तर छापील आकडे 5 पॉइंटचे होतात. एवढी बारीक अक्षरे औषधाच्या वेष्टनावर लोक निमूटपणे सहन करतात, बहिःस्थ परीक्षक करत नाहीत. आलेख मुळातच अंतिम रुंदीचा काढला तर 10 पॉइंट कागदावरही 10 पॉइंटच राहतात.

पेंटसारख्या साधनात जुना स्क्रीनशॉट उघडून त्याची रुंदी तिप्पट करण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच. त्याने फाईल फुगते, पण नवीन तपशील कुठून येणार? जे पिक्सेल घेतलेच गेले नाहीत ते मधल्या रंगांच्या अंदाजाने भरले जातात आणि दातेरी रेषेऐवजी धुरकट रेषा मिळते. आपल्याकडे एक्सेलची मूळ फाईल आहे. चाळीस आलेख पुन्हा चिकटवण्याला एक दुपार लागेल, ती द्यावी. दुकानात वर्डची फाईल न देता पीडीएफ द्यावी, आणि चाळीसही आलेख छापण्याआधी सर्वांत बारीक आकड्यांचे एकच पान छापून पाहावे.

प्रश्न : मी तांत्रिक अहवाल तयार करतो. आलेख पीएनजीमध्ये इंचाला 600 पिक्सेल घेऊन तयार केले, वर्डमध्ये लावले, त्या दिवशी उत्तम दिसले. दुसऱ्या दिवशी फाईल उघडली तर तेच आलेख मवाळ झाले होते. मधल्या काळात मी फाईलला हातही लावला नव्हता.
— एक अभियंता, सातपूर

उत्तर : आपण हात लावला नसला तरी वर्डने लावला. फाईल जतन करताना चित्रे आपसूक लहान करण्याची सोय वर्डमध्ये असते आणि बऱ्याच आवृत्त्यांत तिची मर्यादा इंचाला 220 पिक्सेल ठेवलेली असते. साडेचौदा सेंटिमीटर रुंदीचे आपले 3,400 पिक्सेल या मर्यादेत बसवले की सुमारे 1,250 उरतात. जतन करून फाईल बंद केली की काढून टाकलेले पिक्सेल परत येत नाहीत. चित्र मूळ फाईलमधून पुन्हा आणावे लागते.

'फाईल', 'ऑप्शन्स', 'ॲडव्हान्स्ड' असे जाऊन खाली 'इमेज साइझ अँड क्वालिटी' हा भाग शोधावा आणि 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाईल' या ओळीपुढे खूण करावी. या भागाच्या मथळ्याशेजारी कोणत्या दस्तऐवजासाठी ही निवड आहे ते दाखवणारी छोटी यादी असते. तिच्यात चालू फाईलचे नाव असते, त्यामुळे खूण केवळ त्याच फाईलपुरती लागू होते. पुढच्या सर्व फाइलींसाठी हवी असेल तर यादीतून 'ऑल न्यू डॉक्युमेंट्स' निवडून ती पुन्हा करावी लागते. आणि हे सर्व पहिले चित्र लावण्यापूर्वी करावे.

या मर्यादेचा आणखी एक फटका असतो, जो मी स्वतः एका अहवालात खाल्ला आहे. मजकूर लिहिताना आड येतो म्हणून मी आलेख तात्पुरता पाच सेंटिमीटरचा करून ठेवला, फाईल जतन केली, आणि आठवड्याने तो ओढून पुन्हा पूर्ण रुंदीचा केला. वर्डने मधल्या काळात पाच सेंटिमीटरला पुरतील एवढेच, म्हणजे साधारण 430 पिक्सेल शिल्लक ठेवले होते. पूर्ण रुंदीला ते इंचाला 76 पडले, म्हणजे स्क्रीनशॉटहूनही कमी, आणि सभेत माझ्या आलेखातील महिन्यांची नावे मलाच वाचता येईनात.

चित्र अजून मूळ स्थितीत आहे की नाही, हे डोळ्यांनी ठरवण्याची गरज नाही. वर्डची .docx प्रकारची फाईल ही प्रत्यक्षात झिप, म्हणजे अनेक फाइलींचे एक गाठोडे, असते. तिची एक प्रत काढून नावाच्या शेवटचे '.docx' बदलून '.zip' करावे, ती उघडावी, आत 'वर्ड' आणि त्याच्या आत 'मीडिया' नावाचे फोल्डर सापडेल. आपली सर्व चित्रे तिथे सुटी ठेवलेली असतात. उजवी कळ दाबून गुणधर्म पाहिले की पिक्सेलची संख्या समोर येते. मूळ चित्र 3,400 चे आणि इथले 1,250 चे असेल तर चोर सापडला.

पीडीएफ करतानाही असेच एक वळण आहे. वर्डमध्ये 'सेव्ह ॲज' करून पीडीएफ निवडल्यावर 'स्टँडर्ड' आणि 'मिनिमम साइझ' असे दोन पर्याय येतात, त्यांतला पहिला घ्यावा. लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांनी निर्यातीच्या चौकटीत चित्रांसाठी 'लॉसलेस कॉम्प्रेशन' निवडावे आणि रिझोल्यूशन कमी करण्याच्या ओळीपुढची खूण काढावी, कारण तिथे न सांगता जेपेगची 90 टक्के गुणवत्ता आणि इंचाला 300 पिक्सेलची मर्यादा लागू असते.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या वार्षिक अहवालात ठेवी आणि कर्जवाटप यांचे आलेख एक्सेलमधून थेट वर्डमध्ये चिकटवले आहेत. ते अगदी स्पष्ट दिसतात, तेव्हा गुणवत्तेची तक्रार नाही. परंतु अहवालाची फाईल सभासदांना ई-मेलने पाठवायची आहे आणि एका सभासदाने आलेखावर कळ दाबली असता संपूर्ण तक्ता उघडल्याचे सांगितले. हे कसे झाले?
— एक हिशेबनीस, सिन्नर

उत्तर : सर्वप्रथम ती फाईल पाठवणे थांबवावे. एक्सेलमधून आलेख चिकटवताना वर्ड जे पर्याय देते त्यांपैकी 'एम्बेड वर्कबुक' असे शब्द असलेले पर्याय आलेखासोबत त्याची संपूर्ण वर्कबुक दस्तऐवजात ठेवतात. केवळ आलेखामागचा तक्ता जात नाही. त्या एक्सेल फाईलमधील सर्व पाने जातात. थकबाकीदारांची नावे किंवा कर्मचाऱ्यांचे वेतन त्याच फाईलच्या शेजारच्या पानावर असेल तर तेही सभासदांच्या हाती पडले, असे समजावे. 'लिंक डेटा'चे पर्याय वर्कबुक आत ठेवत नाहीत, तरी आलेख आपल्या संगणकावरील फाईलशी जोडलेला राहतो आणि फाईल हलली की दुवा तुटतो. शिवाय आलेखातील आकड्यांची एक प्रत दस्तऐवजात राहतेच.

बाहेर जाणाऱ्या अहवालासाठी आधी सांगितल्याप्रमाणे 'पेस्ट स्पेशल'मधून ईएमएफ म्हणूनच आलेख घ्यावा आणि सभासदांना वर्डऐवजी पीडीएफ द्यावी. स्पष्टपणा तोच मिळतो आणि वर्कबुक मागे राहते. अहवालावर काम चालू असताना, आकडे रोज बदलत असताना, जिवंत आलेख ठेवण्यास हरकत नाही. तो सोयीचाच असतो. लेखापरीक्षकांनी आकडे कायम केल्यावर मात्र प्रत्येक आलेख कापून पुन्हा चित्र म्हणून चिकटवावा.

प्रश्न : शाळेच्या अहवालासाठी दुसऱ्या शिक्षिकेने पटसंख्येचा आलेख व्हॉट्सॲपवर पाठवला. तो मी वर्डमध्ये लावला तर अक्षरांभोवती मळकट ठिपक्यांचे कडे दिसते आणि लाल अक्षरे पसरलेली दिसतात. त्यांच्याकडे तोच आलेख स्वच्छ आहे.
— एक शिक्षिका, निफाड

उत्तर : फोटो म्हणून पाठवलेले चित्र व्हॉट्सॲप लहान करते आणि जेपेगमध्ये बदलते. जेपेग ही पद्धत छायाचित्रांसाठी घडवलेली आहे. ती चित्राचे आठ गुणिले आठ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातील सूक्ष्म चढउतार ढोबळ करून टाकते. द्राक्षबागेच्या छायाचित्रात पानांच्या गर्दीत हे कोणाच्या लक्षात येत नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळे अक्षर असले की त्याची तीव्र कड याच ढोबळपणात सांडते आणि आपल्याला दिसलेले मळकट कडे तयार होते. रंगांची माहिती तर बहुधा आडवी-उभी निम्म्याच तपशिलात ठेवली जाते, त्यामुळे काळ्यापेक्षा लाल अक्षरांचे हाल अधिक होतात.

आपल्या सहकारी शिक्षिकेला तोच आलेख व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून, किंवा ई-मेलने जोडपत्र म्हणून पाठवण्यास सांगावे. मग फाईल जशीच्या तशी येते. आलेला जेपेग पीएनजी म्हणून पुन्हा जतन केल्याने मळ निघत नाही. तो मळ पीएनजीमध्ये काळजीपूर्वक जपला जातो, इतकेच. खरे तर पाच-सहा वर्षांची पटसंख्या म्हणजे पाच-सहा आकडे. ते मागवून घेऊन आलेख आपणच काढला तर दहा मिनिटांचे काम आहे.

प्रश्न : वर्डमध्ये आलेख लावला की त्याची केवळ तळाची एक अरुंद पट्टी दिसते, बाकी आलेख गायब. चित्र बिघडले आहे काय?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : नाही. त्या परिच्छेदाचे ओळींमधील अंतर 'एक्झॅक्टली' असे ठरवून दिलेले आहे. आलेख मजकुराच्या ओळीत बसतो आणि वर्ड त्या ओळीला ठरलेल्या, उदाहरणार्थ 18 पॉइंटच्या, उंचीपेक्षा जास्त जागा देत नाही. आलेखाच्या ओळीवर जाऊन 'पॅरेग्राफ' चौकटीत 'लाइन स्पेसिंग' हे 'सिंगल' करावे. देवनागरी मजकुरात वेलांट्या-रफारांमुळे ओळी खालीवर होऊ नयेत म्हणून टंकलेखक हे अंतर मुद्दाम बांधून ठेवतात, म्हणून मराठी फाइलींत ही अडचण वारंवार भेटते.

प्रश्न : आमच्या द्राक्ष उत्पादक गटासाठी मी तालुकावार पावसाचे आलेख काढतो. मराठी नावे घातली की एका साधनात वेलांट्या भलत्याच जागी पडतात, आणि एसव्हीजी केलेला आलेख डीटीपीवाल्यांकडे गेला की अक्षरांचे वळणच बदलते.
— एक वाचक, दिंडोरी

उत्तर : या दोन वेगळ्या अडचणी आहेत. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते आणि दिसते मात्र व्यंजनाआधी. ही अदलाबदल, तशीच जोडाक्षरांची जुळणी, करणारी यंत्रणा ज्या आलेख-साधनात नसते तिथे अक्षरे साठवल्या क्रमानेच उमटतात. आपल्या जिल्ह्यात हा दोष लपत नाही : निफाड, दिंडोरी, सिन्नर आणि खुद्द नाशिक, सर्वांच्या पोटात ऱ्हस्व वेलांटी आहे, आणि जोडाक्षरांची परीक्षा घ्यायला त्र्यंबकेश्वर आहेच. नवे साधन हाती घेतले की मी प्रथम ही पाच नावे टंकून पाहतो. ती नीट आली नाहीत तर आलेख नावांशिवाय काढावा, वर्डमध्ये न आणता आधी इंकस्केप या रेषाचित्रांच्या साधनात उघडावा आणि नावे तिथे लिहावीत. एक्सेल आणि लिब्रेऑफिस यांना ही जुळणी येते.

दुसरी अडचण फाँटची आहे. एसव्हीजीमध्ये अक्षरांचे आकार सहसा नसतात, मजकूर आणि फाँटचे नाव असते. डीटीपीवाल्यांच्या संगणकावर तो फाँट नसला की त्याच्याजागी दुसरा येतो, अक्षरांची रुंदी बदलते आणि 'इगतपुरी' शेजारच्या स्तंभावर चढते. ईएमएफचेही साधारण असेच आहे. म्हणून बाहेर पाठवण्याआधी इंकस्केपमध्ये सर्व मजकूर निवडून 'पाथ' यादीतील 'ऑब्जेक्ट टू पाथ' ही आज्ञा द्यावी. अक्षरे रेषा होतात, मग ती कुठल्याही संगणकावर तशीच दिसतात. मात्र नंतर त्यांतील शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही, तेव्हा आधीची प्रत जपून ठेवावी. डीटीपीवाले युनिकोड नसलेले जुने फाँट वापरत असतील तर ही खबरदारी अपरिहार्य आहे.

जाता जाता एक सूचना. इगतपुरीचा पाऊस आणि निफाडचा पाऊस एकाच अक्षावर दाखवला तर पर्जन्यछायेतील तालुक्यांचे स्तंभ बोटभरही उंच होत नाहीत आणि त्यांच्यातील फरक कितीही पिक्सेल दिले तरी दिसत नाही. घाटमाथ्याचे तालुके वेगळ्या आलेखात घ्यावेत.

प्रश्न : लाल कांदा, रांगडा आणि उन्हाळ कांदा यांच्या भावांच्या तीन रेषा मी लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांत काढल्या. रंगीत प्रत सुरेख आली, परंतु वाटण्यासाठी झेरॉक्स काढल्यावर तिन्ही सारख्याच दिसू लागल्या. पिक्सेल वाढवू का?
— एक वाचक, येवला

उत्तर : पिक्सेल वाढवून उपयोग नाही. काळ्या-पांढऱ्या प्रतीत रंग जातो आणि केवळ त्याचा उजळपणा उरतो. गडद लाल, मध्यम हिरवा आणि निळा यांचा उजळपणा जवळपास सारखा असला की तिन्ही एकाच करड्या छटेत उमटतात. एक रेषा अखंड, दुसरी तुटक आणि तिसरी ठिपक्यांची करावी, आणि खाली सूची देण्याऐवजी प्रत्येक रेषेच्या टोकाशीच कांद्याचे नाव लिहावे. रेषा एक पॉइंटपेक्षा बारीक नसावी. झेरॉक्सची झेरॉक्स निघणार हे गावात गृहीतच धरावे लागते.

प्रश्न : धरणाच्या पाणीपातळीचे ट्रेसिंग पेपरवर शाईने काढलेले काही जुने आलेख माझ्याकडे आहेत. मोबाइलने फोटो काढून ते वर्डमध्ये लावले तर कडेला अंधार येतो आणि उभ्या रेषा वाकतात.
— एक निवृत्त अभियंता, नाशिक रोड

उत्तर : आपण नोटा छापणाऱ्या गावात राहता, बारीक रेषेची किंमत आपल्याला मी काय सांगावी! मोबाइलचे भिंग कडेच्या रेषा वाकवते आणि हातात धरलेला फोन कागदाला पूर्ण समांतर राहत नाही. सपाट काचेच्या स्कॅनरवर, ट्रेसिंग पेपरच्या पाठीमागे स्वच्छ पांढरा कागद ठेवून, ग्रेस्केलमध्ये इंचाला 600 या मापाने स्कॅन करावे आणि पीएनजी किंवा टिफ म्हणून जतन करावे. थेट काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केल्यास फिकट झालेली शाई तुटक येते.

अहवालात ऐतिहासिक कागद म्हणून मूळ आलेख दाखवायचा असेल तर हे स्कॅन वापरावे. त्यातील पातळ्यांची तुलना करायची असेल तर मात्र पट्टी लावून दर महिन्याची पातळी वाचावी, एक्सेलमध्ये भरावी आणि आलेख नव्याने काढावा. वाचलेल्या आकड्यांखाली "मूळ आलेखावरून मोजलेले" अशी टीप द्यावी, कारण शाईच्या रेषेच्या जाडीएवढी चूक त्यात राहतेच. मूळ ट्रेसिंग गुंडाळून ठेवावेत, घडी घालू नये.